डुनोलीच्या रानात सोनं शोधायला जाताना

मेलबर्नहून वायव्येला दोन-सव्वादोन तास गाडी हाकली की डुनोली, मोलियागुल, टार्नागुल्ला अशी छोटी छोटी गावं लागतात. हा व्हिक्टोरिया राज्याचा ‘गोल्डन ट्रायँगल’. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागुलजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना जमिनीखाली जेमतेम इंचभरावर ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा अजस्र गोळा सापडला. तो तोलायला पुरेसा मोठा काटा डुनोलीत नव्हता, म्हणून आधी ऐरणीवर त्याचे तुकडे करावे लागले. १९८० साली किंगोवरला मेटल डिटेक्टरने सापडलेला ‘हँड ऑफ फेथ’ही सत्तावीस किलोंच्या वर भरला. त्यामुळे हौशी शोधकांचा ओघ इथे अजून आटलेला नाही. मेलबर्नच्या मराठी कुटुंबांना तर ही एका दिवसाची सहल आहे. मात्र आपण ज्या रानात डिटेक्टर फिरवतो त्याच्या कडेला माणसं राहतात, मेंढ्या पाळतात, गहू पेरतात. त्यांच्याशी कसं वागायचं हे डिटेक्टर भाड्याने घेण्याआधी समजून घ्यायला हवं.

सुरुवात परवान्यापासून. त्याचं नाव ‘मायनर्स राइट’. तो दहा वर्षं चालतो आणि खिशात बाळगावा लागतो. सोनं सापडो न सापडो, खाणकामगारांना पूर्वी महिन्याच्या महिन्याला शुल्क भरावं लागे. त्याविरुद्ध १८५४ मध्ये बॅलराटला युरेकाचं बंड झालं, माणसं मेली, आणि पुढच्याच वर्षी हा हक्क आला. हा परवाना असला की खुल्या सरकारी जमिनीवर हातानं चालवायच्या अवजारांनी खणता येतं आणि सापडलेलं सोनं आपलं होतं. बहुतेक राष्ट्रीय उद्यानं, संरक्षित वारसास्थळं आणि काही नद्या-ओढे मात्र वर्ज्य आहेत. खासगी जमिनीवर तर मालकाच्या संमतीवाचून हा परवाना काहीच कामाचा नाही.

ती संमती मागायची कशी? शेतावर थेट घुसून कामात असलेल्या माणसाला गाठू नका. घराकडे जा, डिटेक्टर गाडीतच राहू द्या. नाव सांगा, कुठून आलो, किती जण आहोत, गाडी कुठली, किती वाजेपर्यंत थांबणार, हे न विचारता सांगा. सोनं मिळालं तर वाटणी कशी, हेही तिथल्या तिथे ठरवा. हातात गोळा आल्यावर हा विषय काढणं फार जड जातं. नकार मिळाला तर आभार मानून निघावं, कारण विचारू नये. होकार मिळाला तर तो त्या दिवसापुरता आणि आपल्यापुरता समजावा. पुढच्या आठवड्यात मित्रांना घेऊन परस्पर जाणं म्हणजे दिलेल्या शब्दाचा गैरफायदा घेणं. आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: कोकरं कुठल्या कुरणात आहेत, जुन्या खाणींची भुयारं कुठे आहेत आणि ओल्या जमिनीवर गाडी कुठवर न्यावी. पालापाचोळ्याखाली लपलेल्या जुन्या विहिरींसारख्या खाणी या रानात जागोजागी आहेत, आणि त्या कुठे आहेत हे जमीनमालकाइतकं कुणालाच माहीत नसतं.

कुरणाचं फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडंच. शहरातून आलेल्या माणसाचा हात सवयीनं उघडं फाटक लावायला जातो, पण कदाचित त्याच वाटेनं मेंढ्या पाण्यावर जात असतात. उन्हाळ्यात असं फाटक दिवसभर बंद राहिलं तर जनावरं तहानेनं मरू शकतात. दोन-तीन गाड्या असल्या की घोळ होतोच: पहिल्यानं फाटक उघडलं, पण ते मुळात कसं होतं हे शेवटच्याला ठाऊक नसतं. म्हणून पहिल्या गाडीतल्या माणसानं फाटकाशी थांबावं आणि शेवटची गाडी आत आल्यावर ते स्वतः पूर्ववत करावं. कुत्रा तर आणूच नये. नुकती व्यालेली मेंढी बिथरून पळाली तर कोकरू मागे राहतं, आणि थंडीच्या दिवसांत रात्रभर आईवाचून राहिलेलं कोकरू सहसा वाचत नाही.

आता प्रत्यक्ष खणणं. डिटेक्टर कण्हला की आधी पाला बाजूला सारा आणि वरची माती वेगळ्या ढिगात ठेवा. कुदळीच्या दांड्याला चुंबक लावलेलं असेल तर खिळे, तारा त्याला चिकटून येतात. मग माती थोडी थोडी उचलून डिटेक्टरपुढे धरायची, आवाज देणारी मूठ ठेवायची, बाकीची टाकायची. असं निम्मं-निम्मं करत शेवटी हातात बहुतेक वेळा शिशाची गोळी किंवा काडतुसाचं टोपण येतं. ते खिशात घाला, तिथेच भिरकावू नका, नाहीतर पुढच्या माणसाला तेच पुन्हा खणावं लागेल. मग खालची माती खाली, वरची वर, पायानं दाबून त्यावर पाला. हे लगेच करायचं, संध्याकाळवर ढकलायचं नाही, कारण संध्याकाळी निम्मे खड्डे सापडतच नाहीत. उघड्या खड्ड्यात मेंढीचा पाय मोडतो, आणि त्या एका पायापायी त्या शेतकऱ्याचं फाटक पुढच्या सगळ्यांना बंद होतं. मला या सगळ्या शिष्टाचारात याहून मोलाचं काही वाटत नाही.

ही जमीन मुळात जा जा वुरुंग लोकांची. १८५१ नंतरच्या सुवर्णझुंडींनी तिची अक्षरशः उलथापालथ केली. जा जा वुरुंग लोकांच्या पूर्वजांची दगडी हत्यारं, साल काढल्याच्या खुणा असलेली झाडं अजून दिसतात. या साऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे. दगडाला घडवल्यासारखी धार दिसली तर तो उचलू नका, तिथे खणणं थांबवा. जुन्या चिनी व युरोपीय खाणकामगारांच्या चुली, भिंती आणि घोड्यानं चालणाऱ्या माती कालवायच्या चरांनाही हात लावू नये.

आगीबद्दल तडजोड नाही. ‘टोटल फायर बॅन’च्या दिवशी चूल पेटवायची नाही, चहासाठीसुद्धा. एरवी पेटवलीच तर पाण्यानं विझवा, मातीनं नव्हे. मातीखाली निखारा धुमसत राहतो. राखेला हात लावून ती थंड लागली तरच जागा सोडा. वणवा लागला तर ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’च्या बंबावर चढून येणारे बहुतेक जण याच गावांतले स्वयंसेवक असतात, आपापली शेतं सोडून धावलेले.

पाव, डिझेल, जेवण गावातच घ्या. परतताना जमीनमालकाच्या घराशी पुन्हा थांबा. सापडलेलं सोनं दाखवा, ठरलेली वाटणी द्या, काही मिळालं नसेल तर तसं सांगा. कुठे कुंपणाची तार तुटलेली किंवा मेंढी अडकलेली दिसली असेल तर तेही कानावर घाला, आणि पुन्हा यायचं असेल तर कुठल्या महिन्यात सोयीचं पडेल, हे तेव्हाच विचारून घ्या.