यादी कुणाच्या डोक्यात?

गौरी आवाहनाचा दिवस, संध्याकाळचे सव्वासहा. लोकलच्या लेडीज डब्यात माझी मैत्रीण एका हाताने वरची कडी धरून उभी होती आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर घरच्यांना सांगत होती, "मुखवटे माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत आहेत. अहो, डावीकडच्या. साडीच्या पिना देवघराच्या खणात. तेरडा आणि आघाडा आणलात का? आणि आईंना बीपीची गोळी दिलीत ना?" घाटकोपर ते ठाणे एवढ्या वेळात तीन फोन झाले. दिवसभर बँकेत काम करून निघालेली ती बाई गाडीत नुसती उभी होती, तरी डोक्याने केव्हाच घरी पोहोचून कामाला लागली होती.

सणाचा ताण म्हटलं की आपल्याला तळणीचे घाणे, साफसफाई आणि खरेदीच्या पिशव्या आठवतात. त्याने पाय दुखतात, कंबर धरते, आणि एक रात्र नीट झोप मिळाली की हे दुखणं उतरतंही. पण कुठली वस्तू कुठे आहे, काय संपत आलंय, कुणाला काय आहेर द्यायचा, कुणाला बोलावलं नाही तर राग येईल, हे सगळं एकाच माणसाने लक्षात ठेवायचं असतं. तो थकवा झोपेने जात नाही, कारण झोपेतही यादी चालूच असते.

हा काळ केवढा लांब आहे ते मोजून बघा. गणेश चतुर्थी ते भाऊबीज म्हणजे साधारण सत्तावन दिवस. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला गणपती बसले आणि २३ ऑक्टोबरला भाऊबीज झाली. मधे गौरी, पितृपक्षातली श्राद्धं, घट, नऊ दिवसांचे उपास, दसरा, कोजागरी आणि दिवाळी. ऑफिसच्या कामालाही नेमका हाच मुहूर्त सापडतो. १५ सप्टेंबरला आगाऊ प्राप्तिकराचा दुसरा हप्ता, ३० सप्टेंबरला सहामाही अखेर. शाळांना पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीआधी उरकायची असते, म्हणजे घरात अभ्यास घेणंही आलं. आयटीत असाल तर परदेशातल्या क्लायंटला गौरीजेवण ठाऊक नसतं, रात्री साडेनऊचा कॉल असतोच. कोकणात गणपतीला जाणाऱ्यांचा सण तर दोन महिने आधीच सुरू होतो, कारण रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला घरातलं कुणीतरी मोबाइल घेऊन बसलेलं असतं.

आनंदाच्या प्रसंगाचाही ताण असतो हे मानसशास्त्राने फार पूर्वीच मान्य केलं आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ ताणदायक घटनांची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत, आणि नाताळलाही १२ आहेत. तेव्हा सणाच्या दिवसांत चिडचिड होते, रडू येतं, पित्त उसळतं, म्हणून स्वतःला अपराधी समजू नका. तुमची भक्तीही कमी नाही आणि घरच्यांवरची मायाही.

मग आधीच्या पिढ्यांनी हे कसं निभावलं? अनारशांचंच बघा. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. उपसून पंच्यावर पसरायचे, अर्धवट ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, किसलेला गूळ घालून मळायचे आणि तो गोळा डब्यात काही दिवस मुरवायचा. मग त्याचे अनारसे खसखशीवर थापून मंद आचेवरच्या तुपात सोडायचे. आच जरा चुकली तर अनारसा कढईत विरघळून जातो, म्हणून तळणीपाशी एक आणि थापायला एक अशा दोघी तरी लागतात. वाड्यात किंवा चाळीत आज हिच्याकडे करंज्या, उद्या तिच्याकडे चकल्या असा क्रम लागायचा. पोळपाट-लाटणी घेऊनच शेजारणी यायच्या. घरात सासू, जावा, नणंदा, एखादी आत्या असायची. त्या व्यवस्थेत बायकांची पिळवणूक नव्हती असं मी अजिबात म्हणणार नाही, पुष्कळ होती. पण फराळाचं हे ताट चार-सहा जणींच्या हातांच्या हिशेबाने ठरलेलं होतं. ते हात गेले, फ्लॅटचं दार बंद झालं, बाई नोकरीला लागली, आणि ताट मात्र तेवढंच राहिलं.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८, असं दिसलं. हा एरवीच्या दिवसांचा हिशेब झाला. शिवाय या मिनिटांत भाजी चिरणं धरलं जातं, पण 'उद्या कुठली भाजी?' हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये मनात फिरणारा प्रश्न कुठे धरणार? समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ मध्ये नोकरदार स्त्रीच्या घरकामाला 'दुसरी पाळी' म्हटलं होतं. ही मनातली पाळी तिसरी म्हणायला हवी, आणि तिला सुट्टीच नाही.

अपुरी राहिलेली कामं मनाला टोचत राहतात, हे ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ मध्ये मांडलं. पुढे मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असं आढळलं की काम पुरं व्हावं लागतंच असं नाही. ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरलं, तरी मन त्याचा पिच्छा सोडतं. गेल्या वर्षी मी हे करून पाहिलं. गौरींचं डोक्यात होतं ते सगळं वहीत उतरवलं, अगदी कापराची डबी आणि ओटीचे तांदूळसुद्धा. एकेचाळीस ओळी झाल्या. माझा नवरा ती वही बराच वेळ वाचत बसला आणि म्हणाला, "हे सगळं तुझ्या डोक्यात असतं?" आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

तोवर आमच्या घरात 'मदत' हा शब्द होता. तो मदत करायचा, मनापासून करायचा. पण मदत म्हणजे मी सांगायचं आणि त्याने करायचं. आठवण, देखरेख आणि चुकलं तर बोल, हे सगळं माझ्याकडेच राहायचं. त्या दिवशी आम्ही कामाचे तुकडे पाडायचे नाहीत असं ठरवलं. पूजेचं सगळं सामान त्याचं, म्हणजे यादी, खरेदी, मांडणी आणि नंतर आवरून ट्रंकेत ठेवणंही. लेकीकडे पाहुण्यांची आमंत्रणं आणि हळदीकुंकवाची तयारी. स्वयंपाक माझा, कारण पुरण वाटायला मला खरंच आवडतं. पहिल्या दिवशी पूजेच्या पत्रीतला केना आणायचा राहिला. मी जिभेवर आलेलं वाक्य गिळलं, खाली जाऊन तो घेऊन आला, आणि पूजा वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. एवढंच झालं.

काय गाळायचं हा प्रश्न याहून अवघड, कारण तिथे श्रद्धा आडवी येते. पण आपली परंपरा याबाबतीत आपल्याहून सैल आहे. गणपती दीड दिवसाचाही असतो आणि दहा दिवसांचाही. कुणाकडे उभ्या गौरी साड्या-दागिन्यांनी नटतात, तर कुणाकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या गौरी पुजतात, आणि त्या काही उण्या ठरत नाहीत. पूजेच्या संकल्पातच 'यथाज्ञान', 'यथाशक्ति' हे शब्द येतात, आणि शेवटी जे राहून गेलं त्याबद्दल क्षमा मागितली जाते. जी सवलत देवाने दिली आहे ती सुनेला देताना आपण का अडखळतो? सोळा भाज्यांची मिळून एकच भाजी करा, चकल्या बचत गटाकडून घ्या, पाचऐवजी दोनच पदार्थ घरी करा. घरातल्या ज्येष्ठ बाईने हे आपल्या तोंडाने म्हटलं तर सुनेचा अर्धा ताण तिथेच उतरतो. सासूबाईंनो, ही ताकद फक्त तुमच्याकडे आहे.

घरकामाला येणाऱ्या मावशींच्या घरीही त्याच दिवशी गौरी येतात. त्यांची सुट्टी आणि बोनस आधी ठरवा, ऐन वेळी कुरकुर नको. आणि पोलीस, परिचारिका, एसटीचे चालक-वाहक यांच्या घरांत सण सोयीच्या दिवशी करतात. आपल्यालाही पाडव्याची ओवाळणी रविवारी करायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका. सण संपले तरी दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तो दगदगीचा शीण समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांशी बोला. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

यंदा गणपतीच्या आधीचा एखादा रविवार राखून ठेवा. वही काढा, डोक्यातलं सगळं तिच्यात उतरवा, आणि वही बंद करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला आपलं नाव आपल्या हाताने कुठल्या ना कुठल्या ओळीपुढे लिहायला सांगा.