वही त्यांची, बदनामी आमची का?

पैसे न देणारा माणूस वेगळा आणि पैसे देऊनही ‘बुडव्या’ ठरवला गेलेला माणूस वेगळा. पहिल्याने आपले देणे फेडलेच पाहिजे, त्याची वकिली आम्ही करणार नाही. दुसरा मात्र अन्यायाचा बळी आहे. आमच्या वस्त्यावस्त्यांत हा दुसरा माणूस मान खाली घालून वावरतो आणि त्याच्या बाजूने बोलायला कोणी पुढे येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

अचलपूर-परतवाडा ही जोडगावे म्हणजे मेळघाटचे दार. डोंगरातला कोरकू बांधव मीठ-मिरचीपासून लग्नाच्या कपड्यापर्यंत इथल्याच बाजारावर अवलंबून. खाली मैदानात संत्र्याच्या बागांची आणि कपाशीची मजुरी, तीही हंगामापुरती. फिनले मिल 2020 च्या टाळेबंदीत थांबली तेव्हा कामगारांच्या घरची चूल उधारीवर आली. हातावर पोट असलेल्या माणसाला उधारी चुकत नाही, आणि उधारीची वही नेहमी दुकानदाराच्या गल्ल्यात असते. ग्राहक पाचशे रुपये देतो, दुकानदार म्हणतो, “मांडून घेतो.” गर्दीत मांडायचे राहून जाते किंवा मुद्दाम ठेवले जाते. सहा महिन्यांनी तीच बाकी पुन्हा उभी राहते. ग्राहक म्हणतो दिले, वही म्हणते नाही. चारचौघांत आवाज चढतो आणि मग ते जुने वाक्य येते, “तुम्हा लोकांची सवयच अशी!” हिशेबाचा वाद एका क्षणात जातीवर जातो.

आता वहीचे रूप बदलले आहे, खोड तीच आहे. मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला गटातल्या बाईकडून किस्त घेतो आणि कार्डावर नोंद करत नाही. दुचाकीची शेवटची किस्त फिटते, पण कंपनीच्या संगणकात बाकी तशीच राहते आणि पुढे मुलाचे शैक्षणिक कर्ज त्या नोंदीपायी अडते. भरलेले वीजबिल थकबाकी म्हणून पुन्हा येते. पूर्वी वही वाचता येत नव्हती, आज संगणक बघायला मिळत नाही. आमच्यासाठी फरक काय पडला?

हा प्रश्न आजचा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कास्तकारांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. दख्खनच्या त्या उठावात लोकांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते कागद त्यांनी जाळले. आपल्या नावावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, पण आपला गळा कशाने आवळला आहे हे नेमके कळत होते. इंग्रज सरकारला 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यातही अक्षरशत्रू कुणब्याला लेखणीने कसे नागवले जाते हेच मांडले आहे.

कायदा आज काय म्हणतो? व्यापाऱ्याच्या वहीतील नोंद पुरावा म्हणून पाहता येते, परंतु केवळ त्या नोंदीवर कोणालाही देणेकरी ठरवता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 34 हेच सांगत होते आणि 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 28 हेच सांगते. 1998 साली जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर वहीतील नोंदींना स्वतंत्र पुराव्याची जोड हवी असे म्हटले. तिथे नावे बड्या पुढाऱ्यांची होती. जो न्याय पुढाऱ्यांना मिळाला तो परतवाड्याच्या हमालाला का मिळू नये?

मात्र याची दुसरी बाजूही समजून घ्यावी. माल किंवा कर्ज घेतल्याचे एकदा मान्य केले की, ते फेडल्याचे सिद्ध करणे घेणाऱ्याच्या अंगावर येते. तिथे शब्द चालत नाही, कागद लागतो. म्हणून पावती मागणे हा दुकानदाराचा अपमान नव्हे, तो आमचा हक्क आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः तक्रार मांडता येते, वकील सक्तीचा नाही. वस्तू वा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. 1915 या क्रमांकावरही दाद मागता येते.

मायक्रोफायनान्सच्या कर्जाला 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. प्रत्येक किस्तीची आणि शेवटच्या फेडीची पोच कर्जकार्डावर, कर्जदाराला समजेल त्या भाषेत दिली पाहिजे. पतनोंदीतील चूक तक्रारीनंतर 30 दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढे दररोज 100 रुपये भरपाई मिळते. विजेच्या थकबाकीबद्दल वाद असेल तर 15 दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय जोडणी तोडता येत नाही. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातील जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज चालू ठेवावी लागते. सावकाराचा प्रश्न असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जावे. आणि एक गोष्ट पक्की गाठ मारून ठेवावी : हिशेब पाहिल्याशिवाय ‘बाकी मान्य’ म्हणून सही किंवा अंगठा देऊ नये. मुदतीत दिलेल्या अशा सहीने वसुलीच्या दाव्याची मुदत नव्याने सुरू होते.

राहिला जातीचा प्रश्न. बाबासाहेब ज्या स्टार्ट समितीचे सदस्य होते, तिच्या 1930 च्या अहवालात गावचा वाणी अस्पृश्यांना जिन्नस विकणे बंद करतो, हे बहिष्काराचे हत्यार म्हणून नोंदले आहे. ‘बुडवे आहेत’ ही त्याच हत्याराची सोयीची म्यान आहे. जानेवारी 2016 पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींवरचा आर्थिक बहिष्कार हाही अत्याचार ठरला आहे. उधारी नाकारणे हा गुन्हा नाही, पण जातीमुळे रोखीचा व्यवहारही नाकारणे आणि चारचौघांत जातीवरून अपमान करणे हा गुन्हा आहे. साध्या हिशेबाच्या वादाला मात्र या कायद्याचा रंग देऊ नये, त्याने खऱ्या पीडिताचीच केस दुबळी होते.

तेव्हा चळवळीने काय करावे? निवेदने आणि मोर्चे आहेतच, पण विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास कागदांसाठी राखून ठेवावा. शिकलेल्या मुला-मुलींनी घरोघरच्या पावत्या, कर्जकार्डे, बिले तपासावीत, नोटिशीला लेखी उत्तर लिहून द्यावे. उधारीच्या दोन वह्या ठेवाव्यात, एक दुकानात आणि एक घरी, दोन्हींवर दोघांच्या सह्या. यात प्रामाणिक दुकानदाराचाही फायदाच आहे आणि आज आमचेही अनेक तरुण छोटी दुकाने चालवतात. फोनपेवरून पैसे दिले असतील तर तो संदेश पुसू नये.

तथागतांनी गृहस्थाच्या चार सुखांत ऋणमुक्तीचे सुख मोजले आहे. घाम गाळून ज्याने ते मिळवले, त्याच्याकडून ते कोणाच्या खोट्या नोंदीने हिरावले जाऊ नये. बाबासाहेबांनी आमच्या हाती लेखणी दिली ती केवळ अर्ज भरून नोकरी मागण्यासाठी नाही. आपल्या नावापुढे दुसरा काय लिहितो, हे तपासण्यासाठीही ती दिली आहे.