एक चूल, एक फोन

रेशनकार्ड वेगळं करून घ्यायला तहसीलमध्ये खेटे घातलेल्या माणसाला एक प्रश्न पाठ असतो : चूल वेगळी आहे का? भाऊ-भाऊ एकाच घरात राहतात, दार एक, अंगण एक. पण स्वयंपाक वेगळा असेल तर कार्डही वेगळं. गरिबांना सवलतीत फोन आणि इंटरनेट देताना अमेरिकेचं सरकारही नेमकं हेच विचारतं. फक्त त्यांच्या फॉर्मात चूल हा शब्द नाही.

योजनेचं नाव लाइफलाइन. एटी अँड टी ही महाकाय टेलिफोन कंपनी १ जानेवारी १९८४ रोजी विभागली गेली. तोवर लांब पल्ल्याच्या महागड्या कॉलवर मिळणाऱ्या पैशातून घरच्या फोनचं भाडं कमी ठेवलं जाई. आता ते वाढणार आणि पहिला फोन कापला जाणार तो गरिबाघरचा, अशी धास्ती होती. म्हणून १९८५मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं, म्हणजे एफसीसीनं, भाड्यात सूट द्यायला सुरुवात केली. तेव्हा अध्यक्ष रोनाल्ड रीगन होते. पुढे धाकट्या बुश यांच्या काळात सवलत प्रीपेड मोबाइललाही मिळू लागली. आणि नाव कोणाचं लागलं? ओबामांचं! ‘ओबामाफोन’ हा शब्द हेटाळणीसाठी वापरला गेला आणि तो अजून पुसलेला नाही. श्रेय आणि शिव्या यांचे पत्ते नेहमीच चुकतात.

सूट किती? महिन्याला सव्वानऊ डॉलरपर्यंत. मूलनिवासी जमातींच्या राखीव प्रदेशात सव्वाचौतीसपर्यंत. पैसे ग्राहकाच्या हाती येत नाहीत, कंपनीला मिळतात. आणि बऱ्याच मोबाइल कंपन्या तेवढ्याच रकमेत बसणारा, ग्राहकाला फुकट पडणारा प्लॅन देतात. घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत हवं, किंवा घरातलं कोणी अन्नमदतीची स्नॅप (जुने लोक अजून फूड स्टॅम्प म्हणतात), दवाखान्याच्या खर्चाची मेडिकेड अशा योजनेत हवं. हा खर्च भागतो दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून, आणि कंपन्या ती बिलात लावून इतर ग्राहकांकडून वसूल करतात. आपल्याकडेही कंपन्यांच्या महसुलातून असा निधी गोळा होतो. पूर्वीचा यूएसओ फंड, आताचा डिजिटल भारत निधी. तो मुख्यतः खेड्यातल्या टॉवरवर आणि केबलवर खर्च होतो. घरटी सूट ही कल्पना आपल्याकडे रुजली नाही.

खरी गंमत चुलीची. नियम असा की एका कुटुंबाला एकच सवलत. पण कुटुंब म्हणजे कोण? एका पत्त्यावर राहून मिळकत आणि खर्च वाटून घेणारे. एकाच पत्त्यावरून दुसरा अर्ज आला की एक वेगळा कागद भरावा लागतो. जोडीदार सोबत राहतो का, त्याला आधीच सवलत आहे का? दुसरं कोणी सज्ञान घरात आहे का? त्यांच्याशी तुमचे पैसे एकत्र आहेत का? भाडं निम्मंनिम्मं भरणारे, बाकी हिशेब वेगळे ठेवणारे दोन खोलीसोबती ही दोन कुटुंबं. लेकाच्या पगारावर राहणारी म्हातारी मात्र लेकाच्याच कुटुंबात. निवाऱ्यात शेजारी-शेजारी खाटांवर झोपणारी माणसं प्रत्येकी स्वतंत्र कुटुंब ठरू शकतात.

इतकी चौकशी उगाच नाही. २०१७च्या अहवालात सरकारी लेखापरीक्षकांनी, म्हणजे जीएओनं, सांगितलं की त्यांनी १९ कंपन्यांकडे बनावट अर्ज केले आणि १२ कंपन्यांनी ते मंजूर केले. ग्राहक पात्र आहे का हे ठरवणारी आणि त्याच्या नावावर पैसे घेणारी कंपनी एकच असेल, तर दुसरं काय होणार? २०१८पासून ही पडताळणी टप्प्याटप्प्यानं कंपन्यांच्या हातून काढून एका राष्ट्रीय यंत्रणेकडे दिली.

सवलत मिळाल्यावरही ती टिकवावी लागते. दर वर्षी पात्रता पुन्हा तपासतात. नोंदी आपोआप जुळल्या नाहीत तर पत्र येतं, ६० दिवसांत उत्तर दिलं नाही की फोन गेला. फुकट प्लॅनवाल्यांना आणखी एक अट : ३० दिवसांत एकदा तरी फोन वापरा. एखादा कॉल, मेसेज किंवा थोडा डेटा पुरतो; आलेला फोन उचलला तरी चालतो, फक्त तो कंपनीचाच नको. नाहीतर १५ दिवसांची नोटीस आणि मग बंद. अडीअडचणीला असावा म्हणून फोन कपाटात जपून ठेवणारी काटकसरी माणसंच यात सापडतात.

कोविडनंतर याहून मोठी सवलत आली होती, इंटरनेटसाठी महिन्याला ३० डॉलरपर्यंत. २ कोटी ३० लाखांहून जास्त कुटुंबांनी ती घेतली. संसदेनं दिलेले १,४२० कोटी डॉलर संपत आले, नवे मंजूर झाले नाहीत आणि १ जून २०२४ला ती योजना संपली. उरली ती जुनी सव्वानऊ डॉलरची.

चूल मोडून बाहेर पडलेल्या बाईचा विचार मात्र २०२२च्या एका कायद्यानं केला. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या फॅमिली प्लॅनवर तिचा नंबर असेल, तर तिनं मागितल्यावर कंपनीनं तो दोन कामकाजाच्या दिवसांत वेगळा करून द्यायचा. पैशाची चणचण असेल तर तिला सहा महिन्यांपर्यंत लाइफलाइन मिळू शकते. त्यासाठी उत्पन्नाची अट सैल आहे. सातव्या महिन्यापासून सवलत हवी असेल, तर तिलाही नेहमीच्याच अटींत बसावं लागतं.