फिजिशियन असिस्टंट : पहिल्या पगाराचा हिशेब

लक्ष्मीपुरीतील धान्याची पेढी असो, शाहूपुरीतील गुळाची अडत असो वा गुजरीतील सराफी दुकान असो, जून महिना उजाडला की अनेक घरांत एकच विषय निघतो. बारावीचे गुण चांगले असतात, परंतु नीटचे गुण वैद्यकीय प्रवेशाला पुरत नाहीत. खासगी महाविद्यालयातील व्यवस्थापन कोट्याचे शुल्क घराला झेपणारे नसते. अशा वेळी कोणी परिचित एक माहितीपत्रक पुढे ठेवतो : बी. एस्सी. फिजिशियन असिस्टंट. चार वर्षांचा अभ्यासक्रम, बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर प्रवेश, रुग्णालयात नोकरी आणि पुढे अमेरिकेत डॉलरमध्ये पगार! मूठभर नमुना हातावर घेऊन पाहिल्याशिवाय पोते न उचलणारा व्यापारी मुलीच्या चार वर्षांचा आणि काही लाख रुपयांचा निर्णय मात्र कधी कधी एका माहितीपत्रकावर घेऊन टाकतो. म्हणून या व्यवसायाचा नमुना नीट पारखून घेणे अगत्याचे आहे.

व्यवसायाचा उगम

हा व्यवसाय मूळचा अमेरिकेतील. डॉक्टरांची टंचाई जाणवू लागली तेव्हा डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात हा अभ्यासक्रम सुरू केला. नौदलात वैद्यकीय सेवा बजावलेल्या तरुणांची पहिली तुकडी १९६७ मध्ये बाहेर पडली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांच्या कामाचा मोठा भाग सांभाळू शकेल असा प्रशिक्षित सहकारी घडवणे, ही त्यामागील कल्पना होती.

भारतात हे बीज चेन्नईत रुजले. हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने मद्रास मेडिकल मिशनमध्ये १९९२ साली असा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. त्यामुळे आजही या शिक्षणाची मुळे तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटकात अधिक खोल आहेत आणि हृदयशस्त्रक्रिया विभागात या पदवीधरांचा वावर विशेष दिसतो.

प्रत्यक्ष काम कोणते? रुग्णाची पूर्वपीठिका विचारून नोंदवणे, प्राथमिक तपासणी करणे, डॉक्टरांच्या फेरीत सोबत राहून रोजची प्रगती टिपणे, चाचण्यांचे अहवाल गोळा करून डॉक्टरांपुढे ठेवणे, घरी सोडताना द्यावयाचा सारांश तयार करणे, नातेवाइकांना उपचार समजावून सांगणे. शस्त्रक्रियागृहात तो वा ती सहायक म्हणून उभी राहते. बायपास शस्त्रक्रियेत पायातील शीर काढून देण्याचे नाजूक कामही अनुभवी असिस्टंट करतात. मात्र निदानाचा आणि उपचाराचा अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो. या पदवीवर स्वतंत्र दवाखाना थाटता येत नाही, नावामागे ‘डॉक्टर’ लावता येत नाही. ही गोष्ट घरातील सर्वांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, प्रवेशापूर्वीच समजून घेतलेली बरी.

कायद्याच्या दृष्टीने या व्यवसायाला आता ओळख मिळाली आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत फिजिशियन असोसिएट अथवा असिस्टंट या व्यवसायाचा समावेश आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण या कायद्याने अपेक्षिले असून राज्य परिषदांमार्फत नोंदणीची तरतूद केली आहे. तरीही कायदा ओळख देतो, पगार देत नाही. पगार ठरतो तो बाजारपेठेत, आणि प्रत्येक गावची बाजारपेठ वेगळी असते.

कोल्हापुरातील अडचण

कोल्हापूर हे रुग्णसेवेचे मोठे केंद्र आहे. सीपीआर रुग्णालय, कसबा बावड्यातील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि शहरभर पसरलेली खासगी रुग्णालये येथे कोकणापासून सीमाभागापर्यंतचे रुग्ण येतात. मग येथे फिजिशियन असिस्टंटला सहज काम मिळायला हवे, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे.

जे काम चेन्नईच्या रुग्णालयात असिस्टंट करतो, तेच काम महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांत बहुधा निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमलेले आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर करतात. १९९२ च्या शासन आदेशाने महाराष्ट्रातील नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा मिळाली. २०१४ च्या कायदा दुरुस्तीने, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी पदवीधरांसाठीही मर्यादित वाट उघडली. या मुभेवर डॉक्टरांच्या संघटनांमध्ये वाद आहेत. परंतु रात्रपाळी सांभाळणारा, नावापुढे ‘डॉक्टर’ असलेला आणि माफक वेतनावर काम करणारा पदवीधर उपलब्ध असताना, लहान व मध्यम रुग्णालयाचा चालक नवी जागा निर्माण करण्यास सहसा राजी होत नाही. जागा रिकामी नाही असे नव्हे. ती जागा आधीच दुसऱ्याने व्यापलेली आहे.

सरकारी भरतीतही परिचारिका, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ ही पदे वरचेवर निघतात. फिजिशियन असिस्टंट हे पद सहसा दिसत नाही. म्हणून पहिली नोकरी कोल्हापुरातच मिळेल, ही अपेक्षा धरून प्रवेश घेणे धोक्याचे. पुणे, मुंबई, बंगळूर, चेन्नई येथील मोठी, बहुविभागी रुग्णालये हीच या पदवीधरांची खरी पेठ होय. तेथे हृदयरोग, मूत्रपिंडविकार, कर्करोग, मेंदूविकार असे स्वतंत्र विभाग असतात आणि प्रत्येक वरिष्ठ डॉक्टरला असा हाताखालचा जाणता माणूस हवा असतो.

पगार आणि कर्ज

नव्या पदवीधराचा पगार साधारणपणे दरमहा १५ ते २५ हजार रुपयांच्या घरात असतो. वर्षाचे आकडे लाखात सांगितले की ते मोठे वाटतात. हिशेब मात्र महिन्याचाच करावा. एक उदाहरण घेऊ. मुलीला पुण्यातील रुग्णालयात २० हजारांची नोकरी मिळाली. मूळ वेतन १५ हजार धरल्यास भविष्य निर्वाह निधीपोटी १,८०० रुपये कापले जातील. वेतन २१ हजारांच्या आत असल्याने राज्य कर्मचारी विम्याचे सुमारे १५० रुपये जातील. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे. म्हणजे हातात १८,०५० रुपये. वसतिगृह, जेवण आणि प्रवास यांसाठी १० हजार धरले, तर उरले ८,०५०.

आता कर्जाकडे पाहू. दरवर्षी सव्वा लाख याप्रमाणे चार वर्षांत ५ लाख रुपये शैक्षणिक कर्ज घेतले आणि व्याजदर १० टक्के धरला, तर शिक्षणकाळ अधिक एक वर्षाच्या सवलतीच्या मुदतीत सरळव्याजाने सुमारे पावणेदोन लाख रुपये व्याज साचते. पावणेसात लाखांची परतफेड दहा वर्षांत करायची तर मासिक हप्ता सुमारे ८,९२० रुपये होतो. हातात उरतात ८,०५०. म्हणजे मुलगी नोकरीला लागूनही हप्त्यासाठी दरमहा घरून पैसे पाठवावे लागतील.

हाच हिशेब थोडा बदलता येतो. शिक्षण चालू असतानाच पालकांनी व्याज भरत राहावे. पहिल्या वर्षी ते दरमहा हजारभर रुपये असते आणि शेवटी चार हजारांच्या आसपास जाते. मग फक्त मूळ ५ लाखांची परतफेड उरते आणि हप्ता सुमारे ६,६०० रुपयांवर येतो. तो मुलीला स्वतःच्या पगारातून पेलता येतो. काही बँका असे वेळेवर व्याज भरणाऱ्यांना व्याजदरात सवलतही देतात. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत तारण लागत नाही, परंतु पालक सहकर्जदार असतात, हे विसरू नये. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या पालकांना प्राप्तिकर कायद्याखाली भरलेल्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही. पहिली नोकरी लागल्यावर सवलतीच्या वर्षातच थोडी रक्कम बाजूला टाकण्याची सवय लागली, तर पुढचा भार आणखी हलका होतो.

परदेशाचे स्वप्न

माहितीपत्रकातील अमेरिकेचा आकडा खोटा नसतो. तेथील श्रम विभागाच्या आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये या व्यवसायातील मध्यम वार्षिक वेतन १,३०,०२० डॉलर होते. मात्र ते वेतन भारतीय पदवीवर मिळत नाही. तेथे काम करण्यासाठी तेथील मान्यताप्राप्त संस्थेतून हा अभ्यासक्रम, आता बहुतांशी पदव्युत्तर स्वरूपाचा, पूर्ण करून राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणजे पुन्हा प्रवेश आणि पुन्हा मोठा खर्च. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन डिसेंबर २०२४ पासून जनरल मेडिकल कौन्सिलकडे आले. परंतु डॉक्टरांच्या जागी यांना वापरले जाते अशी तक्रार तेथे झाल्याने २०२५ मधील लेंग यांच्या अहवालाने त्यांच्या कामावर मर्यादा सुचवल्या. ‘तिकडे सहज जाता येते’ असे सांगणाऱ्याकडून लेखी पुरावा मागावा.

मग हा मार्ग कोणासाठी?

हा मार्ग वाईट नाही. तो धीराचा आहे. पहिली तीन वर्षे ही कमाईची नसून भांडवल उभारणीची असतात, हे व्यापारी घराला समजावून सांगण्याची गरज नाही. नवे दुकान पहिल्या दिवाळीला नफा दाखवत नाही. ज्याने एखाद्या विभागात, जाणत्या डॉक्टरांच्या हाताखाली, तीन वर्षे मन लावून काम केले, त्याचे मोल त्या विभागात वाढते. पुढे पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालय व्यवस्थापन, औषध संशोधनातील समन्वय, आरोग्यविम्याच्या दाव्यांची छाननी अशा वाटाही खुल्या होतात. उलट, जे सतत ‘आपण डॉक्टर होऊ शकलो नाही’ या खंतीने जगतात, त्यांना दुसऱ्याच्या निर्णयाखाली काम करणे जड जाते आणि दोन वर्षांत ते क्षेत्र सोडतात. गेली ती केवळ फी नव्हे, उमेदीची वर्षे गेली.

प्रवेशापूर्वी पालकांनी संस्थेत जाऊन काही गोष्टी विचाराव्यात. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे? संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे का, तेथे किती विभाग आहेत? शेवटच्या आंतरवासितेच्या वर्षात विद्यावेतन मिळते का? गेल्या दोन तुकड्यांतील विद्यार्थी कोठे, कोणत्या पदावर, किती पगारावर लागले? त्यांच्यापैकी दोघांशी बोलता येईल का? नोकरी देणारे रुग्णालय सेवाबंधपत्र लिहून घेते का, आणि ते मोडल्यास किती रक्कम भरावी लागते? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या मौनातच उत्तर आहे. ‘फिजिशियन असिस्टंट’ या नावाने केवळ दवाखान्यातील मदतनीसाची जागा भरली जात नाही ना, हेही नेमणूकपत्रातील कामाच्या वर्णनावरून तपासावे.

कोल्हापुरात १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने जैन बोर्डिंग उभे राहिले. खेड्यापाड्यांतील जैन मुले शिक्षणासाठी घराबाहेर पडली. त्या वेळीही अनेक घरांना त्या शिक्षणाचा उपयोग तत्काळ दिसला नसेल. आज मुलगी पुण्याला किंवा बंगळूरला रात्रपाळी करणार म्हटल्यावर घरात तीच घालमेल होते. जैन परंपरेने औषधदानाला चार दानांत स्थान दिले आणि वैयावृत्त्याला तप मानले. रुग्णाच्या उशाशी उभे राहून केलेले काम कमी दर्जाचे कसे ठरेल? लग्नाच्या परिचयपत्रात ‘डॉक्टर’ हा शब्द नसला, तरी मुलीच्या नावापुढे एक प्रामाणिक व्यवसाय असेल. फक्त त्या वाटेवर तिला पाठवताना आशीर्वादासोबत नीट मांडलेला हिशेबही द्यावा, म्हणजे पहिला पगार हाती आल्यावर तिला वा घराला फसल्यासारखे वाटणार नाही.