उन्हाळ्यातील शेतकाम व पिण्याचे पाणी

जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. मोसंबीच्या आळ्यास पाणी केव्हा द्यावे, याचा हिशेब शेतकरी काटेकोरपणे ठेवतो. स्वतःच्या शरीराचा हिशेब मात्र तहानेवर सोडतो. परंतु घामावाटे शरीरातील पाणी कमी झाल्यानंतरच तहान लागते.

सावलीत बैठे काम करणाऱ्या प्रौढास दिवसाला २ ते २.५ लिटर पाणी सामान्यतः पुरते. उन्हात नांगरणी करणाऱ्याने किंवा धसकटे वेचणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर पाणी प्यावे. तासाला १.४ लिटरहून अधिक मात्र पिऊ नये. त्यामुळे रक्तातील क्षारांचे प्रमाण घटते. न्याहारीबरोबर मीठ घातलेले ताक घेणे हितावह असते.

आडोसा नसल्याने पुष्कळ स्त्रिया शेतात पाणी पिण्याचे टाळतात. यास्तव शेतमालकाने घागरीबरोबर आडोशाचीही सोय करावी.

लघवी फिकट पिवळी असल्यास पाणी पुरेसे आहे, असे समजावे. गडद असल्यास ते वाढवावे. मजूर बरळू लागल्यास किंवा बेशुद्ध पडल्यास त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. त्यास सावलीत नेऊन, अंग भिजवून, वारा घालावा व तत्काळ दवाखान्यात पोचवावे.