दुकान बुडालं, तुरुंगात गेले, अन् पक्ष्यांच्या चित्रांनी जगभर नाव झालं! कोण होते जॉन ऑड्युबॉन?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 1819 मध्ये एका दुकानदाराचं दिवाळं निघालं. हेंडरसन गावातली त्यांची वाफेवरची गिरणी तोट्यात होती, त्यात देशभर मंदी आली. घरदार गेलं, कर्जापायी काही काळ तुरुंगातही बसावं लागलं. हातात उरलं ते अंगावरचे कपडे, बंदूक आणि चित्रांचा गठ्ठा. हे गृहस्थ म्हणजे जॉन जेम्स ऑड्युबॉन.

त्यांचा जन्म 1785 चा, आजच्या हैती देशातला. वडील फ्रेंच जहाजाचे कप्तान, त्यामुळे बालपण फ्रान्समध्ये गेलं. नेपोलियनच्या सैन्यात जावं लागू नये म्हणून वडिलांनी 18 व्या वर्षी पोराला अमेरिकेला धाडलं. चित्रकला ते आपली आपणच शिकले. दावीद या नामवंत फ्रेंच चित्रकाराकडे शिकलो, असं ते सांगायचे खरे, पण त्याला पुरावा नाही. थापा मारायची त्यांना सवयच होती.

कॅमेरा नव्हता, मग चित्रं काढली कशी?

त्या काळी पेंढा भरलेले पक्षी समोर ठेवून चित्रं काढली जायची. ती मेल्यासारखीच दिसायची. ऑड्युबॉन यांनी वेगळी युक्ती काढली. पक्षी बारीक छर्‍यांनी टिपायचा आणि ताजा असतानाच तारा लावून फळीवर बसवायचा, पंख पसरलेला किंवा झडप घालताना. फळीवर चौकोन आखलेले, कागदावरही तेवढेच चौकोन. त्यामुळे माप चुकत नसे. पिसांचा रंग फिका पडायच्या आत काम उरकायचं. म्हणजे चित्र जिवंत वाटावं म्हणून पक्ष्याचा जीव जायचाच, बऱ्याचदा एकापेक्षा जास्त पक्ष्यांचा.

1820 मध्ये ते होडीतून मिसिसिपी नदीने निघाले. सोबत जोसेफ मेसन नावाचा 13 वर्षांचा शिष्य. चित्रांतली झाडं-फुलं हा पोरगा काढायचा. पुढे चित्रं छापली, पण त्यावर त्याचं नाव आलं नाही.

घर कोणी चालवलं?

पत्नी ल्युसी यांनी. लुईझियानातल्या मळेवाल्यांच्या मुलांना शिकवून त्यांनी संसार ओढला, मुलं वाढवली आणि नवऱ्याच्या इंग्लंडवारीसाठी पैसेही साठवले. अमेरिकेत चित्रं छापायला कोणी तयार नव्हतं, म्हणून 1826 मध्ये ऑड्युबॉन एकटेच जहाजात बसले. ल्युसी मागे राहिल्या, तीन वर्षं.

इंग्लंडमध्ये मात्र लोकांना चित्रं आवडली. पक्षी खऱ्या आकारातच दाखवायचा, हा ऑड्युबॉन यांचा हट्ट. त्यासाठी कागद सव्वातीन फूट उंच घेतला. तरी फ्लेमिंगो मावेना, मग त्याची मान खाली वाकवून काढली! चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, त्यावरून छापायचं आणि प्रत्येक प्रत हाताने रंगवायची, असं ते काम. त्याचा खर्च अवाढव्य.

त्यावर त्यांनी वर्गणीदार गाठले. एका हप्त्यात 5 चित्रं, किंमत 2 गिनी. असे 87 हप्ते, 1827 ते 1838. एकूण 435 चित्रं. आपल्या भाषेत सांगायचं तर पुस्तक ईएमआयवर. कोणी मध्येच हप्ते थांबवायचं, मग चित्रकारानेच गावोगाव फिरून नवे गिऱ्हाईक शोधायचे. पूर्ण संच 200 सुद्धा झाले नाहीत. त्यातला एक 2010 मध्ये लंडनच्या लिलावात 70 लाख पौंडांवर गेला. खरी कमाई त्यांना झाली ती 1840 नंतरच्या छोट्या, स्वस्त आवृत्तीतून.

दुसरी बाजूही आहे. ऑड्युबॉन यांनी माणसं गुलाम म्हणून विकत घेतली आणि विकली. यावरून अमेरिकेतल्या ऑड्युबॉन सोसायटी या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेत मोठा वाद झाला. 2023 मध्ये संस्थेने नाव कायम ठेवलं, काही शाखांनी मात्र टाकून दिलं.

1851 मध्ये ते न्यूयॉर्कला वारले. ल्युसी यांना पुढे मूळ चित्रं विकावी लागली. ती न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात आहेत. तांब्याचे बहुतेक पत्रे भंगारात वितळले.

चित्रातले काही पक्षीही आता नाहीत. 1813 मध्ये प्रवासी कबुतरांचा थवा तीन दिवस आकाशातून जात होता, असं ऑड्युबॉन यांनी लिहून ठेवलंय. त्या जातीचं शेवटचं कबुतर 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. शिकार आणि जंगलतोड, दोन्हींनी मिळून ती जात संपवली.