जंतू नसलेला ताप

2009 सालची गोष्ट. भाईजान आठवडी बाजार करून मोटारसायकलवरून घरी येत होते. वळणावर टेम्पोनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, बरगड्यांना मार बसला. पण कातडी कुठंही फाटलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी ताप चढला, धाप लागली. डॉक्टरांनी त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. रक्त तपासलं, लघवी तपासली, थुंकी तपासली. जंतू काही सापडेनात. आदल्या संध्याकाळी मी घरून खीर नेली होती आणि भाईजाननी ती चार चमचे खाल्ली होती. भाभी एवढंच म्हणाल्या, "तुझी खीर बाधली त्यांना."

भाईजान सतरा दिवसांनी घरी आले. खीर मात्र माझ्या नावावर राहिली.

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच संपला. पुढे भाचा सूक्ष्मजीवशास्त्र शिकला, आणि एका दुपारी त्यानं हे कोडं मला वहीत चित्रं काढून समजावलं.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. खाल्लेलं अन्न आणि श्वासातला प्राणवायू वापरून पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा तेच तयार करतात. या ऊर्जेचं चलन म्हणजे एटीपी नावाचं रसायन. पेशीच्या घरातली चूलच म्हणा ना.

पण ही चूल मूळची घरची नाही. दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक जीवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथंच नांदला. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन संशोधक बाईंनी 1967 मध्ये हा विचार ठामपणे मांडला. तो लेख त्याआधी अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. 'साभार परत'चं दुःख आम्हा कवींना ठाऊक असल्यानं या बाईंविषयी मला उगाच आपलेपणा वाटतो. आज त्यांचं म्हणणं सर्वमान्य आहे. या कणांचा डीएनए वेगळा असतो, तो जीवाणूंसारखा गोल कड्याच्या आकाराचा असतो, आणि तो आपल्याला आईकडूनच मिळतो.

आता अपघाताकडे येऊ. हाड मोडतं, स्नायू चिरडतो, तेव्हा लाखो पेशी फुटतात आणि त्यांच्यातले हे कण रक्तात सांडतात. एरवी ते घराच्या आत असतात, म्हणून त्यांना कुणी हटकत नाही. बाहेर पडले की आपल्या पांढऱ्या पेशींना त्यांची ठेवण ओळखीची वाटते, पण ती शत्रूची म्हणून. जीवाणू शिरले, असं समजून त्या धावून जातात. ताप येतो, सूज येते, फुप्फुसंही होरपळतात. बोस्टनच्या संशोधकांनी 2010 मध्ये हे दाखवून दिलं. जबर जखमी रुग्णांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए निरोगी माणसांच्या हजारो पटींनी वाढलेला त्यांना आढळला. म्हणजे रक्तातला हा डीएनए मोजला, तर प्रतिकारशक्ती किती खवळली असेल याचा अंदाज बांधता येतो.

याची दुसरी बाजूही आहे. प्रतिकारशक्तीचा हा भडका फार काळ टिकला, की चुलीच विझू लागतात. लंडनच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये रक्तदोषानं, म्हणजे सेप्सिसनं, अत्यवस्थ झालेल्या 28 रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे तपासले. त्यांतले 16 वाचले, 12 दगावले. जे दगावले त्यांच्या स्नायूंत एटीपी पहिल्याच दिवशी स्पष्टपणे कमी होतं. प्राणवायू पोचत असूनही पेशींना तो नीट वापरता येत नाही, असं या प्रकारच्या संशोधनातून दिसू लागलं. मला ही गोष्ट फार चटका लावून गेली. आपण बाहेर नळी लावून बसलेलो असतो, यंत्रावर आकडा चांगला दिसत असतो, आणि आत चूल थंड होत असते.

मात्र हा काही तालुक्याच्या लॅबमध्ये चिठ्ठी देऊन करायचा तपास नव्हे. तो अजून मुख्यतः संशोधनातच आहे. शिवाय आकडा वाढला म्हणजे जंतू नाहीतच, असंही ठरत नाही. मोडतोड आणि जंतू दोन्ही एकाच वेळी असू शकतात. म्हणून अशा रुग्णाला डॉक्टर आधी प्रतिजैविकं सुरू करतात, त्यात त्यांचं चुकत नाही. भाईजानचं नेमकं असंच झालं, असंही मी म्हणणार नाही. मांडीचं हाड मोडल्यावर मज्जेतली चरबी रक्तात जाऊनही धाप लागते, आणि त्या वेळी यातलं कुणी काही मोजलं नव्हतं.

तरी गेल्या ईदला मी हे सगळं भाभींना सांगितलं. भाईजान काठी भिंतीला टेकवून शेजारीच बसले होते. भाभींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग रिकामी वाटी माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "बरं, खिरीनं नाही झालं. पण वेलची जास्त पडली होती, तेवढं तरी कबूल कर."